बले वेगळी का दिसतात? : मूलभूत बलांच्या एकीकरणाविषयी

मानखुर्द मागे पडून लोकल वाशीच्या खाडीपुलावर आली की दोन-तीन मिनिटे खिडकीतून मोकळे पाणी दिसते. नवी मुंबईत राहून रोज मुंबईला कामाला जाणाऱ्या माणसाला दिवसभरात दिसणारे हे बहुधा एकमेव क्षितिज असते. भरती असेल तर पाणी खारफुटीच्या बुंध्यांपर्यंत चढलेले असते. ओहोटी असेल तर चिखल उघडा पडलेला असतो आणि हिवाळ्यात त्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे चरत असतात. डब्याच्या टपावर २५ हजार व्होल्टची तार असते. दक्षिणेला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘ध्रुव’ ही १०० मेगावॉट क्षमतेची अणुभट्टी १९८५ मध्ये प्रथम सुरू झाली. निसर्गात आजवर सापडलेली चारही मूलभूत बले खिडकीच्या या एका चौकटीत कामाला लागलेली आहेत.

खाडीचे पाणी वरखाली होते ते चंद्राच्या आणि सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे. तारेतला प्रवाह विद्युतचुंबकीय बलाचा. पण त्या बलाचा पसारा तारेपुरता नाही. आपण बाकावरून खाली घसरून जात नाही, शेजारच्याचा कोपर आपल्याला लागतो, लोखंड गंजते, अन्न पचते, या सगळ्यांच्या मुळाशी अणूंमधले विद्युत ओढणे-ढकलणेच असते. अणुभट्टीतल्या युरेनियमचे केंद्रक इतके धन प्रभारित प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतानाही एकत्र राहते, ते प्रबळ बलामुळे. हे केंद्रक फुटल्यावर उरलेल्या तुकड्यांत न्यूट्रॉनचे प्रोटॉन होत राहतात, हे काम क्षीण बलाचे. या रूपांतरातून प्रतिन्यूट्रिनो नावाचे कण बाहेर पडतात आणि भट्टी चालू असेल तेव्हा पुलावरच्या लोकलमधल्या प्रत्येक प्रवाशातून ते दर सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने आरपार जातात. घाबरण्याचे कारण नाही. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो त्याहून कितीतरी अधिक, दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे ६५ अब्ज इतके असतात आणि तेही काही न करता निघून जातात.

चार बले, चार स्वभाव. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकीय बल कितीही दूर पोहोचतात. प्रबळ आणि क्षीण ही दोन्ही केंद्रकाच्या बाहेर जाणवतच नाहीत. ताकदीतही ताळमेळ नाही. दोन प्रोटॉनांमधले विद्युत अपसारण त्यांच्यातल्याच गुरुत्वाकर्षणाच्या एकावर ३६ शून्ये इतके पट मोठे असते.

गेल्या कोजागरीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून मसाला दूध पिताना, हा विषय निघाला आणि एका ज्येष्ठ शेजाऱ्यांनी समाधानाने मान डोलावून म्हटले, “म्हणजे शेवटी सगळे एकच.” एकीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लवकरच अद्वैताकडे वळते. त्यात वाईट काही नाही. परंतु भौतिकशास्त्रातले एकीकरण ही निराळी आणि अधिक कष्टाची गोष्ट आहे. ‘सगळे एकच’ असे म्हणून तिथे सुटका होत नाही. ही बले मुळात एक असतील तर ती आपल्याला वेगळी का दिसतात, नेमकी किती वेगळी दिसतात आणि कोणत्या परिस्थितीत तो वेगळेपणा नाहीसा होईल, याचा हिशेब मांडावा लागतो. त्या हिशेबातून आधी कोणी न पाहिलेले काहीतरी निघावे लागते आणि ते प्रयोगात सापडावे लागते. या लेखात पुढे जे आहे ते याच हिशेबाविषयी आहे.

पहिला हिशेब न्यूटनचा. झाडावरून पडणारे फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र यांना एकच नियम लागू आहे, हे त्याने १६८७ मध्ये आकडे जुळवून दाखवले. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून जमिनीच्या तुलनेत सुमारे ६० पट दूर आहे, म्हणून तिथे आकर्षण ३६०० पट कमी व्हायला हवे. चंद्राच्या कक्षेचा बाक मोजला तर तो तेवढाच निघतो. स्वर्ग आणि पृथ्वी यांचे कायदे निराळे, ही समजूत तिथे संपली.

विद्युत आणि चुंबकत्व यांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १८२० मध्ये अर्स्टेडला दिसले की तारेतून प्रवाह सोडला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. १८३१ मध्ये फॅरेडेने उलट दिशा दाखवली : चुंबक हलवला की तारेत प्रवाह निर्माण होतो. या सगळ्याला मॅक्सवेलने १८६५ च्या प्रबंधात गणिताचे रूप दिले. त्या गणितातून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची एक लाट निघत होती आणि तिचा वेग केवळ प्रयोगशाळेतल्या विद्युत मोजमापांवरून काढता येत होता. तो सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर आला. प्रकाशाचा त्या काळी मोजलेला वेगही त्याच्या अगदी जवळ होता. दोन गोष्टी जोडायला निघालेल्या माणसाच्या हाती प्रकाश ही तिसरीच गोष्ट लागली. पुढे १८८७-८८ मध्ये हर्ट्झने अशा लाटा प्रत्यक्ष निर्माण केल्या आणि १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटरच्या मापाच्या लाटांचे जाहीर प्रात्यक्षिक केले.

आता वेगळेपणाचे कारण. ठाणे स्थानकात न थांबता जाणाऱ्या गाडीत कोणी विद्युतभारित गोळा हातात धरून बसला आहे असे समजा. त्याच्या दृष्टीने गोळा स्थिर आहे, त्यामुळे त्याला फक्त विद्युत क्षेत्र मोजता येईल. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र तो गोळा धावतो आहे. धावणारा भार म्हणजे प्रवाह आणि प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, म्हणून त्याच्या उपकरणात दोन्ही क्षेत्रे दिसतील. दोघांपैकी कोणीही चुकत नाही. विद्युत किती आणि चुंबकीय किती, ही वाटणी पाहणाऱ्याच्या गतीवर ठरते. वेगळेपण निसर्गाच्या नियमात नव्हते. आपण कुठे उभे आहोत त्यात होते.

क्षीण बलाची गोष्ट इतकी सरळ नव्हती, आणि माझ्या मते विसाव्या शतकातले एकीकरणाचे सर्वांत सुंदर काम तेच आहे. १९३३-३४ मध्ये फर्मीने बीटा-ऱ्हासाचा, म्हणजे न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा, सिद्धांत मांडला. त्यात न्यूट्रॉन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो एकाच बिंदूवर भेटतात असे मानले होते. रोजच्या किरणोत्साराला हे गणित चोख लागू पडे. परंतु कणांची ऊर्जा वाढवत नेली तर एखादी घटना घडण्याची शक्यता शंभर टक्क्यांच्या वर जाऊ लागे. याचा अर्थ, त्या बिंदूच्या आत काहीतरी दडलेले होते.

दडलेला होता तो एक जड वाहक कण. विद्युतचुंबकीय बल फोटॉन या वाहकामार्फत चालते, तसे क्षीण बल डब्ल्यू या कणामार्फत चालते. फोटॉनला वस्तुमान नाही. डब्ल्यूचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट आहे. न्यूट्रॉनच्या ऱ्हासात इतका जड कण तयार करण्याइतकी ऊर्जा मुळीच नसते. पुंजभौतिकी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे नियम सांगणारे शास्त्र, मात्र ऊर्जेची हातउसनवारी चालवून घेते, एका अटीवर : रक्कम जितकी मोठी तितकी ती लवकर परत करायची. डब्ल्यूसाठी लागणारी रक्कम इतकी मोठी आहे की परतफेडीपूर्वी तो प्रोटॉनच्या व्यासापेक्षा सहाशे-सातशे पट लहान अंतर कसेबसे कापतो. क्षीण बलाचा पल्ला तोकडा आहे तो यामुळे, आणि ते दुबळे दिसते तेही यामुळेच. डब्ल्यूशी कण ज्या जोराने जोडलेले असतात तो जोर मोजला तर तो विद्युतबलाच्या जोरापेक्षा कमी नाही. वर्गाच्या हिशेबात तो सुमारे चौपट भरतो. ‘क्षीण’ हे नाव म्हणजे परिस्थितीने गांजलेल्या माणसाला स्वभावानेच दुबळा ठरवण्यासारखे आहे. अर्थात, ही परिस्थिती आपल्या पथ्यावर पडली आहे. सूर्यात दोन प्रोटॉन एकत्र येऊन ड्यूटेरियम होण्यासाठी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, ते काम क्षीण बलाचे असते, आणि ते इतके रेंगाळत चालते की सूर्याच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनला सरासरीने काही अब्ज वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून सूर्य ४६० कोटी वर्षांनंतरही तेवतो आहे.

मग प्रश्न उरतो तो असा : फोटॉन आणि डब्ल्यू ही भावंडे असतील, तर एकाला वस्तुमान नाही आणि दुसरा इतका जड, हे कसे? शेल्डन ग्लॅशो यांनी १९६१ मध्ये दोन्ही बलांना सामावणारी गणिती चौकट सुचवली, पण वस्तुमानाचे कोडे तसेच राहिले. १९६७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी आणि १९६८ मध्ये, आज पाकिस्तानात असलेल्या झंग गावचे अब्दुस सलाम यांनी, त्या चौकटीत हिग्ज यंत्रणा बसवली. ग्लॅशो आणि वाइनबर्ग हे न्यू यॉर्कमधल्या एकाच शाळेत एकाच वर्गात शिकलेले मित्र होते, हा योगायोग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ही यंत्रणा समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, स्वयंपाकघर पुरेल. लोणी कढवून तूप बरणीत गाळतो तेव्हा ते सारखे, पारदर्शक, कुठूनही पाहिले तरी एकच असते. थंडीच्या रात्रीनंतर सकाळी पाहावे तर त्यात रवे धरलेले असतात आणि रव्यांच्या मध्ये पातळ तूप असते. बाहेरून कोणी काही घातले नाही, फक्त तापमान उतरले. विश्वाचेही असेच झाले असे हा सिद्धांत सांगतो. महास्फोटानंतर सेकंदाच्या सुमारे दहा हजार कोटीव्या भागापर्यंत, तापमान एकावर १५ शून्ये अंशांच्या घरात होते तोवर, क्षीण बलाचे वाहक आणि फोटॉनचे पूर्वज सारखेच वस्तुमानरहित होते. तापमान त्याखाली उतरताच सर्व अवकाशात हिग्ज क्षेत्र साकळले. डब्ल्यू आणि त्याचा जोडीदार झेड हे कण त्या क्षेत्रात अडकून जड झाले, फोटॉनला मात्र त्याचा स्पर्श झाला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून वाशी आणि ऐरोलीच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ झाला आणि जड वाहनांवरचा तसाच राहिला, ही आठवण इथे यावी. फरक इतकाच की नाक्यावर जड वाहन आहे म्हणून टोल लागतो आणि हिग्जच्या नाक्यावर टोल लागला म्हणून कण जड होतो.

या सिद्धांताने दोन गोष्टी पणाला लावल्या. एक, डब्ल्यूच्या जोडीला झेड हा विद्युतभार नसलेला वाहक असला पाहिजे आणि त्यामुळे न्यूट्रिनो स्वतः न बदलता इलेक्ट्रॉनला धक्का देऊन निघून गेला पाहिजे. तोपर्यंत अशी घटना कोणी पाहिली नव्हती. १९७१ मध्ये गेरार्ड ’ट होफ्ट या तरुण डच संशोधकाने हे गणित अनंताच्या आकड्यांत अडकत नाही हे दाखवल्यावर शोधाला जोर आला, आणि १९७३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत गार्गामेल नावाच्या बुडबुडे-कक्षाच्या छायाचित्रांत, कुठूनही न आल्यासारखी सुरू होणारी इलेक्ट्रॉनची एकटी रेघ सापडली. दोन, डब्ल्यू आणि झेड यांची वस्तुमाने किती भरतील हे आधीच सांगता येत होते. ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा हे दोन्ही कण प्रत्यक्ष सापडले नव्हते. ते सापडले १९८३ मध्ये, सर्नमध्येच : डब्ल्यू सुमारे ८० अब्ज आणि झेड सुमारे ९१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा, अपेक्षेच्या पट्ट्यात. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे माप आहे, आणि या मापात प्रोटॉन जेमतेम १ अब्जाला थोडा कमी भरतो, हे ध्यानात ठेवावे. हिग्ज क्षेत्राची खूण असलेला कण मात्र ४ जुलै २०१२ पर्यंत हुलकावणी देत राहिला.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी, कारण बहुतेक लोकप्रिय लेखन ती टाळते. तूप हा मुळात एक पदार्थ नाही. निरनिराळ्या तापमानाला गोठणाऱ्या अनेक मेदांचे ते मिश्रण आहे, आणि म्हणूनच त्यातले काही आधी रवे धरतात. विद्युत-क्षीण सिद्धांताचेही नेमके असेच आहे. त्यात सुरुवातीपासून दोन घटक आहेत, त्यांचे दोन स्वतंत्र जोर आहेत, आणि फोटॉन हा त्या दोघांच्या ठरावीक मिश्रणातून तयार होतो. ते प्रमाण सांगणारा आकडा प्रयोगातून सुमारे ०.२३१ येतो. तो इतकाच का, हे सिद्धांत सांगत नाही. मोजून भरावा लागतो. म्हणजे काटेकोर बोलायचे तर हे एकीकरण नाही, फार घट्ट मिश्रण आहे. तो ०.२३१ हा आकडा आपोआप निघेल असे काहीतरी हवे, ही पुढच्या पायरीची खरी प्रेरणा होती.

प्रेरणेला आणखी एक कारण होते. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे भार विरुद्ध पण अगदी समान आहेत. एकावर २१ शून्ये इतक्या भागांत एका भागाचाही फरक आजवर आढळलेला नाही. प्रोटॉन हा क्वार्क नावाच्या तीन मूलकणांचा गोळा, इलेक्ट्रॉन हा क्वार्कांशी नाते नसलेला, प्रबळ बल न जाणणारा कण. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा दोघांच्या वह्यांत शेवटच्या पैशापर्यंत एकच रक्कम निघाली तर कोणताही हिशेबनीस म्हणेल की दुकान एकाच मालकाचे आहे.

१९७४ मध्ये हॉवर्ड जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी असे दुकान मांडून दाखवले. त्यांच्या चौकटीत तीन प्रतिक्वार्क, एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो असे पाच जण एका कुटुंबात बसतात, आणि कुटुंबाचा एकूण भार शून्य असावा लागतो. इलेक्ट्रॉनचा भार उणे एक, न्यूट्रिनोचा शून्य, म्हणून उरलेल्या तिघांच्या वाट्याला प्रत्येकी एक-तृतीयांश येतो. क्वार्कांचे भार तृतीयांशात का असतात हे इतक्या कमी ओळींत दुसरीकडे कुठे सुटलेले मला माहीत नाही. त्याच्या थोडे आधी, १९७३-७४ मध्ये, ओडिशाचे जोगेश पती यांनी सलाम यांच्यासोबत वेगळी वाट काढली होती : क्वार्कांना प्रबळ बलाचे जे तीन ‘रंग’ असतात, त्यांच्या जोडीला इलेक्ट्रॉनचे कूळ हा चौथा रंग मानायचा.

पण प्रबळ बल तर नावाप्रमाणे प्रबळ आहे. ते इतरांशी जुळणार कसे? उत्तर पुन्हा परिस्थितीतच आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्यातला सोडियमचा धन आयन घ्या. पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू त्याच्याकडे करून त्याच्याभोवती गोळा होतात, त्यामुळे दुरून त्याचा भार झाकलेला वाटतो आणि जवळ जावे तसा तो अधिक जाणवतो. पोकळी म्हणजे अवकाशही या बाबतीत पाण्यासारखे वागते, कारण तिथे क्षणभरासाठी कण आणि प्रतिकणांच्या जोड्या उमटून जात असतात. दुरून, म्हणजे कमी ऊर्जेला, मोजलेला विद्युतबलाचा जोर १३७ पैकी एक भाग येतो. झेड कणाच्या ऊर्जेला, म्हणजे फार जवळून, तो सुमारे १२८ पैकी एक होतो. प्रबळ बलाचे याच्या उलट. त्याचे वाहक असलेले ग्लुऑन स्वतःच रंगभारित असतात आणि झाकण्याऐवजी भार पसरवतात, त्यामुळे जवळ जावे तसे ते बल सैल पडते. डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी हे १९७३ मध्ये दाखवले आणि २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले.

तीन जोर एकाच मापात मांडून त्यांचे व्यस्त आकडे घेतले, म्हणजे आकडा जितका मोठा तितके बल दुबळे असे समजले, तर झेडच्या ऊर्जेला ते साधारण ५९, ३० आणि साडेआठ येतात. पहिले दोन विद्युत-क्षीण मिश्रणाचे, तिसरा प्रबळ बलाचा. ऊर्जा वाढवत नेली की ५९ उतरू लागतो, ३० हळू चढतो, साडेआठ भराभर चढतो. तिन्ही रेषा कागदावर पुढे ओढत नेल्या की एकावर १३ ते १७ शून्ये अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट्यात त्या एकमेकींना छेदतात. एका बिंदूत मात्र नाही. छोटासा त्रिकोण उरतो. १९७४ मध्ये मोजमापे ढोबळ होती, तेव्हा त्रिकोण दिसत नव्हता. सर्नच्या नव्या यंत्रावरच्या अचूक मोजमापांनंतर १९९१ मध्ये तो ठळक झाला आणि त्याच वेळी असेही दिसले की प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार असतो असे मानणारी महासममिती गृहीत धरली तर रेषांचा उतार बदलतो आणि त्या एकावर १६ शून्यांच्या आसपास एका बिंदूत मिळतात. तो आलेख पाहून त्या पिढीतले अनेक जण महासममितीच्या प्रेमात पडले. मला ते समजू शकते. तथापि सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये त्या जोडीदारांपैकी आजवर एकही सापडलेला नाही, आणि तीन रेषा जुळणे म्हणजे पुरावा नव्हे.

एकीकरणाच्या ऊर्जेला प्रत्यक्ष पोहोचण्याचा विचारही नको. कोलायडरचा बोगदा २७ किलोमीटर परिघाचा आहे. १८५३ मध्ये पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ते ३४ किलोमीटरचे अंतर त्याहून थोडे जास्त. त्यात कणांची टक्कर सुमारे १३,६०० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टला होते. हवी असलेली ऊर्जा तिच्या सुमारे ७० हजार कोटी पट आहे. तशीच चुंबके वापरायची तर बोगद्याचा परीघ दोन प्रकाशवर्षांचा होईल.

तरीही एक चोरवाट आहे. क्वार्क आणि इलेक्ट्रॉन एकाच कुटुंबातले असतील तर एकाचे दुसऱ्यात रूपांतर होऊ शकते, आणि मग प्रोटॉन अमर राहत नाही. तो एका पॉझिट्रॉनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धन भाराच्या प्रतिकणात, आणि पायॉन नावाच्या एका अल्पायुषी कणात फुटला पाहिजे. यासाठी लागणारा वाहक महाप्रचंड जड, म्हणून उसनवारी अत्यंत दुर्मिळ, म्हणून प्रोटॉनचे आयुष्य अवाढव्य. जॉर्जी-ग्लॅशो यांच्या साध्या प्रारूपात ते एकावर ३०-३१ शून्ये वर्षे येत होते. विश्वाचे वय जेमतेम १३८० कोटी वर्षे असताना हे मोजायचे कसे? एका प्रोटॉनकडे अनंतकाळ पाहण्याऐवजी पुष्कळ प्रोटॉनांकडे थोडा काळ पाहायचे. आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतल्या पाण्यात एकावर २९ शून्ये, त्याच्या तिपटीहून अधिक प्रोटॉन असतात. आयुष्य एकावर ३० शून्ये वर्षे असेल तर त्या टाकीत तीन वर्षांत एखादा प्रोटॉन फुटायला हवा. मी कोजागरीला हे सांगितल्यावर सगळे टाकीकडे पाहू लागले होते.

अडचण फुटण्याची नसून ओळखण्याची आहे. आकाशातून येणारे वैश्विक किरण गच्चीवर इतका गोंधळ घालतात की असली एखादी घटना त्यात ओळखू येणारच नाही. म्हणून जमिनीच्या पोटात जावे लागते. आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला खोल खाणीची सवय होती. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत १९६५ मध्येच वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या गेल्या होत्या. त्याच खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, जपानी सहकाऱ्यांसह १४० टनांचा लोखंडी पत्र्यांचा आणि मोजणी-नळ्यांचा शोधक बसवण्यात आला आणि १९८० मध्ये प्रोटॉनच्या ऱ्हासाचा शोध सुरू झाला. जगात या कामासाठी खास बांधलेल्या पहिल्या शोधकांपैकी तो एक होता. काही घटना ऱ्हासासारख्या दिसल्या आणि तसे जाहीरही झाले. अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या पाण्याच्या मोठ्या शोधकांना मात्र तशा घटना दिसल्या नाहीत, आणि तो दावा टिकला नाही. एका खोल, उष्ण, बंद होत चाललेल्या खाणीत चालवलेल्या त्या प्रयोगाविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले, याची खंत वाटते. २००१ मध्ये खाणही बंद झाली.

जपानमधल्या शोधकाचे नाव कामिओकांदे. कामिओका हे खाणीचे गाव आणि पुढची अक्षरे ‘केंद्रक-कणांच्या ऱ्हासाचा प्रयोग’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. त्याला ऱ्हास सापडला नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे मूठभर न्यूट्रिनो मात्र सापडले आणि मासातोशी कोशिबा यांना २००२ मध्ये नोबेल मिळाले. त्याच्या जागी आलेल्या ५० हजार टन पाण्याच्या सुपर-कामिओकांदेने १९९८ मध्ये न्यूट्रिनो आपले रूप बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे, हे दाखवले. आणखी एक नोबेल, २०१५ चे. प्रोटॉन शांतच आहे. पॉझिट्रॉन आणि पायॉन या वाटेने तो फुटत असेल तर त्याचे आयुष्य एकावर ३४ शून्यांच्या किमान २.४ पट वर्षे आहे, असे सुपर-कामिओकांदेचे आकडे सांगतात. जॉर्जी-ग्लॅशो यांचे मूळ साधे प्रारूप त्याआधी, १९८० च्या दशकातच बाद झाले होते. त्याने वर्तवलेला मिश्रणाचा आकडाही ०.२१ च्या आसपास येत होता, ०.२३१ च्या जवळ, पण चुकीचा. मोठी, गुंतागुंतीची प्रारूपे अजून तग धरून आहेत, आणि त्यांतली बरीचशी आयुष्याचा आकडा थोडा पुढे सरकवून सोयीस्कर निसटू शकतात, ही त्यांच्याविषयीची माझी तक्रार आहे.

गुरुत्वाकर्षणाविषयी मी इतका वेळ मौन पाळले, त्याला कारण आहे. इतर तीन बले अवकाशात घडतात. गुरुत्वाकर्षण म्हणजे, आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतानुसार, खुद्द अवकाश-काळाचाच बाक. त्याला पुंजभौतिकीच्या नेहमीच्या गणितात बसवले की अनंत आकडे येतात आणि ’ट होफ्ट यांची युक्ती तिथे चालत नाही. स्ट्रिंग सिद्धांत चारही बलांना एकाच तंतूची कंपने मानतो. महाराष्ट्रात वाढलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली आणि त्यातून निघालेली वाट निराळी आहे : आधी गुरुत्वाकर्षणाला एकट्याला पुंजभौतिकीत आणू, ते इतरांशी एक आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. दोन्ही वाटांवर गार्गामेलसारखे छायाचित्र अद्याप कोणाच्या हाती लागलेले नाही.

छायाचित्राची शक्यता आहे ती पुन्हा पाण्यातच. कामिओकाजवळच्या डोंगरात हायपर-कामिओकांदे या पुढच्या शोधकाची गुहा खोदून झाली आहे. तिच्यात सुमारे २ लाख ६० हजार टन शुद्ध पाणी भरायचे आहे, म्हणजे आमच्या गच्चीवरच्या टाकीसारख्या २ लाख ६० हजार टाक्या. कडेचे पाणी सोडून मधले १ लाख ९० हजार टन उपयोगाचे धरले आणि प्रोटॉनचे आयुष्य एकावर ३५ शून्ये वर्षे निघाले, तर तिथे साधारण दोन वर्षांत एकदा पॉझिट्रॉनचे एक आणि पायॉनपासून झालेल्या प्रकाशकणांची दोन, अशी निळसर प्रकाशाची तीन वलये भिंतीवरच्या प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांमध्ये उमटायला हवीत.